टाइल गेली, केमिकल राहिलं

टाइलला आयुष्यात काम एकच. जिथं बसवलं तिथं बसून राहायचं. आमच्या दारच्या पायरीवरच्या टाइल्सना तेवढंही जमलं नाही. सोलापूरचे दोन-तीन उन्हाळे त्यांनी कसेबसे काढले आणि एका पावसाळ्यात, कुणाला न दुखवता, पायरीशी असलेले सगळे संबंध तोडून त्या मोकळ्या झाल्या. सकाळी दूधवाल्यानं पाय ठेवला, टाइल सरकली, दूधवाला वाचला, दूध गेलं.

"मालक, तुमची पायरी सरकायलीय की," त्यानं बेल वाजवून कळवलं. सांडलेलं दूध कुणाच्या खात्यात धरायचं हा प्रश्न महिनाअखेरपर्यंत पुढे ढकलण्यात आला.

उरलेल्या टाइल्स मी स्वतः काढल्या आणि त्या इतक्या सफाईनं काढल्या की घरातले बघत राहिले. छिन्नी नाही, हातोडा नाही. कडेला नख घातलं की टाइल हातात. एकही फुटली नाही. मागची बाजू तर इतकी कोरी, की दुकानदारानं नवी म्हणून परत घेतली असती. "तुम्हाला येतं की हो असलं काम!" ही म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दुरुस्तीच्या क्षेत्रात मला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र. ते संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही.

कारण टाइल्स गेल्या तरी त्या ज्याच्यावर बसवल्या होत्या तो राखाडी थर जागचा हलला नव्हता. दात्यांच्या थापीनं ओढलेल्या त्याच्या सऱ्या नांगरलेल्या शेतासारख्या उभ्या होत्या, आणि फरशीपेक्षा कडक झाल्या होत्या. टाइल धरून ठेवायला पैसे मोजून आणलेल्या वस्तूनं टाइल सोडून पायरीलाच मिठी मारली होती.

या वस्तूला दुकानात ॲडेसिव्ह म्हणतात. मिस्त्री म्हणतो केमिकल. बसवायच्या वेळी त्यानंच मला बाजूला घेऊन समजावलं होतं, "मालक, सिमेंटात बसवू नका. केमिकलमधी बसवू. घर पडंल, टाइल पडायची न्हाई." त्यातलं घर अजून उभं आहे, म्हणजे त्याचा निम्मा शब्द खरा ठरला.

आता त्यालाच फोन लावला.

"निघाली का टाइल? निघू द्या. त्याच्यावर दुसरी बसवून देतो."

"आणि हे खालचं?"

"ते कशाला काढता मालक? राहू द्या की. वरनं मारून टाकू."

वरून मारून टाकणं ही आपल्याकडची सर्वमान्य बांधकामशैली आहे. जुना रंग खरवडायचा नाही, वरून नवा मारायचा. जुना डांबराचा थर काढायचा नाही, वरून नवा ओतायचा. रस्ता दर निवडणुकीला वर चढतो, घरं आहेत तिथंच राहतात, आणि एका पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी विचारपूस करायला थेट बैठकीत येतं. मीही मनातून वरून मारून टाकण्याच्याच पक्षाचा. पण आमचं जाळीचं दार बाहेर उघडतं, आणि दाराच्या तळाशी पायरीपासून जेमतेम एका टाइलची फट आहे. थरावर थर चढला असता तर दार उघडलं नसतं आणि आम्हाला खिडकीतून ये-जा करावी लागली असती. आईला हे वयोमानानुसार जमलं नसतं.

तसंच ठेवावं, तर हिची रांगोळी अडली. सऱ्यांवर रांगोळी सोडली की ती खाचांत पडायची आणि ठिपक्यांच्या कमळाचं गजांमागचं कमळ व्हायचं. आईच्या तळपायाला त्या सऱ्या टोचायच्या. "वडिलांनी घातलेली चांगली शहाबादी होती, त्याच्यावर तुला थेरं सुचली," असं ती दर वेळी आत येताना म्हणायची, आणि ती हल्ली जरा जास्तच वेळा आत-बाहेर करू लागली होती.

तेव्हा काढणं भाग होतं.

पहिली चढाई स्वयंपाकघरातल्या शस्त्रांनी झाली. उलथनं वाकलं. ते डोशाचं उलथनं होतं, हे मला ते वाकल्यानंतर सांगण्यात आलं. भाजीच्या सुरीचं टोक गेलं. शेंगाची चटणी कुटायचा लोखंडी बत्ता मी उचलणार, एवढ्यात आईनं तो पदराआड घेतला. "हा माझ्या सासूबाईंचा आहे," ती म्हणाली. त्या वाक्यापुढे आमच्या घरात अपील नाही.

मग उपचार सुरू झाले. आई म्हणाली चिंचेचं पाणी, कारण तिच्या अनुभवात चिंचेनं न निघालेलं असं या जगात काही नाही. पायरीवर चिंच चोळली. मुंग्या आल्या. हिनं उकळतं पाणी ओतून पाहिलं. पायरी धुऊन निघाली, सऱ्या अधिक स्वच्छ दिसू लागल्या. भाच्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक गोरा गृहस्थ गरम हवेच्या यंत्रानं कसलासा थर मऊ करून पापुद्र्यासारखा सोलत होता. "मामा, हीट द्यायची फक्त." मी त्याला म्हटलं, बाळा, या पायरीनं मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांची हीट रोज दिवसभर घेतलीय, अनवाणी पाय ठेवला तर आपण मऊ होतो, ती होत नाही.

या टप्प्यावर शेजारचे काका कुंपणाशी आले. काका एका सरकारी खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेत. म्हणजे खात्यानं त्यांना निवृत्त केलं, त्यांनी खात्याला अजून केलेलं नाही. त्यांनी चष्मा लावला, सऱ्यांवरून बोट फिरवलं आणि निदान केलं.

"सिमेंट आहे हे. सिमेंट, बारीक वाळू आणि पॉलिमर. एकदा सेट झालं की पाण्याला विरघळणार नाही, उन्हाला पाघळणार नाही. आयएस 15477 वाचलंय का तुम्ही?"

मी नाही म्हटलं. बँकेत तशी वेळ येत नाही.

"2004 मध्ये आलं, 2019 मध्ये सुधारलं. त्यात चाचण्या दिल्यात. टाइल चिकटवायची आणि यंत्रानं ओढून बघायची, किती जोर लागतो ते."

"आणि ते काढायचं कसं, हे कुठल्या आयएसमध्ये आहे?"

काका बराच वेळ गप्प राहिले. चिकटण्याचं मानक आहे, सुटण्याचं नाही. मग त्यांनी विषय टाइलकडे वळवला. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी पिते, म्हणून तिला नुसत्या सिमेंटचा रांधा धरत नाही, म्हणून पॉलिमरवालं केमिकल लागतं, म्हणजे मिस्त्रीचं म्हणणं तत्त्वतः बरोबर होतं. "तत्त्वतः" म्हणताना काकांनी बाजूला रचलेल्या टाइल्सकडे पाहिलं. एका टाइलवर आमचं मांजर झोपलं होतं. टाइलचा झालेला तेवढाच उपयोग.

हार्डवेअरच्या दुकानदाराला मात्र मानकाची गरज नव्हती. "ॲसिड टाका की मालक," त्यानं मागे न बघताच बाटली काढली. "फेस आला की समजायचं, काम चालू झालं."

घरी आलो, सगळ्यांना आत पाठवलं, रबरी हातमोजे घातले आणि ॲसिड ओतलं. आणि काय सांगू महाराजा, फेस आला! पांढराशुभ्र, फसफसणारा, बुडबुड्यांचा फेस. मी हाक मारून सगळ्यांना दारात बोलावलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पायरीवर काहीतरी घडत होतं. शेजारच्या काकूसुद्धा "अगंबाई, निघतंय की" म्हणाल्या. मी हातमोज्यानं कपाळावरचा घाम पुसणार होतो, तो मोह आवरला, हे त्या दिवसातलं एकमेव शहाणपण.

बारावी सायन्सला असलेली मुलगी वाकून बघत होती. "बाबा, फेस कडेला येतोय. मधे नाही."

"मग?"

"शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड ना? कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड पडलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. हा फेस आपल्या फरशीचा आहे."

केमिकलमधल्या सिमेंटलाही ॲसिड चावतं, पण पॉलिमर त्याला दाद देत नाही. त्यामुळे ॲसिडनं सोपा मार्ग पत्करला आणि वडिलांची फरशी खायला घेतली. म्हणजे जे ठेवायचं होतं ते विरघळत होतं आणि जे घालवायचं होतं ते बघत बसलं होतं. आमच्या बाळबोध बांधकामशास्त्राला धरूनच होतं हे सगळं.

"बाबा, धुवा! भरपूर पाण्यानं धुवा!"

भरपूर पाणी. सोलापुरात. नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांआड, आणि तो दिवस कालच होऊन गेलेला नव्हता, उद्या होता. पिंपात तळाशी उरलं होतं ते जेवणापुरतं. मी काकांच्या कुंपणाकडे धावलो. सोलापुरात शेजाऱ्याकडे एक वेळ उसने पैसे मागता येतात, पण पाण्याच्या आदल्या दिवशी पाणी मागायला फार मोठी छाती लागते. काकूंनी दोन कळश्या दिल्या, पण त्या देताना त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिची परतफेड मी अजून करतो आहे.

दरम्यान समोरच्या मामांनी बसल्या बसल्या सुचवलं की नुसत्या ॲसिडनं होत नाही, त्यात ब्लीचिंग पावडर टाकली की जोर वाढतो. मुलगी किंचाळली. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरिन वायू सुटतो, आणि मग पायरी साफ होवो न होवो, गल्ली नक्की साफ होते. मामा म्हणाले, "असंल, असंल," आणि त्यांनी दुसरा उपाय सांगितला, डिझेल.

शेवटी छिन्नी-हातोडा आणला.

हातोड्याच्या पहिल्या ठोक्याबरोबर गल्लीतला प्रत्येक माणूस मोकळा झाला. खोदकाम बघायला उभं राहणं ही आपली राष्ट्रीय करमणूक आहे. जेसीबी असेल तर गाव लोटतो, माझ्यासाठी गल्ली लोटली. गर्दीतल्या कुणीही आयुष्यात छिन्नी धरलेली नव्हती, पण ती कशी धरायची याबद्दल एकाचंही दुमत नव्हतं.

"सरळ मारा की हो."

"सरळ न्हाई, तिरपं."

"ओ मालक, मनगटातनं मारा, खांद्यातनं नका."

"हे रिकामं काम आहे बगा, वरनं मारून टाकलं असतं."

मी मनगटातून मारलं आणि ते अंगठ्यावर बसलं. गर्दीनं एकसुरात "हाऽऽ" केलं. अंगठा सुजला, केमिकलचा तांदळाएवढा कण उडाला. तो कण एका गृहस्थानं उचलून, बोटांत फिरवून, "लई कडक हाय" असा निर्वाळा देऊन पुढच्याकडे दिला. तो दहाएक हातांतून फिरला. दुपारी ठोकाठोकी करायची सोय नव्हती, कारण जेवल्यावर सोलापूर झोपतं. संध्याकाळी गिऱ्हाइकं जास्त, म्हणजे प्रेक्षक. सकाळी मला बँक. रविवारी तेवढा मी पायरीवर उकिडवा बसलेला असे आणि येणारा-जाणारा "अजून चालूच हाय का?" विचारून जाई. या प्रश्नाला कुणी उत्तराची अपेक्षा ठेवत नाही, हे कळायला मला वेळ लागला. सुरुवातीला मी सविस्तर उत्तर देत होतो.

भाच्यानं मित्राकडून ग्राइंडर आणला. त्याला डायमंडचं कप व्हील लावलं, आणि खरं सांगतो, ते यंत्र काम करतं. सऱ्या दिसेनाशा झाल्या. सऱ्याच कशाला, पायरी दिसेनाशी झाली, भाचा दिसेनासा झाला, शेजारच्या दोरीवर वाळत घातलेल्या काकूंच्या चादरी दिसेनाशा झाल्या. धुळीचा लोट खाली बसला तेव्हा चादरींवरचे मोर राखाडी झाले होते. आतून काका खोकत बाहेर आले आणि म्हणाले, "सिलिका आहे त्यात! फुप्फुसात जाते! ओलं करून घासायचं असतं, पाणी मारत मारत, मास्क लावून!" पुन्हा पाणी. त्यातून त्या चादरी आता परत धुवायला हव्या होत्या, म्हणजे पाण्याचा हिशेब माझ्या नावावर आणखी वाढला. ग्राइंडर त्याच संध्याकाळी परत गेला.

हिनं मग माझ्याशी चर्चा न करता मजूर अड्ड्यावरून एका बिगाऱ्याला बोलावलं. मध्यमवयीन, बारीक अंगाचा, तोंडात तंबाखू. त्यानं पायरीकडे पाहिलं, माझी छिन्नी उचलली, तिच्या धारेवर अंगठा फिरवला आणि ती बाजूला ठेवली. पिशवीतून स्वतःची रुंद पात्याची छिन्नी काढली. सगळ्या सऱ्या त्यानं आधी ओल्या केल्या, तांब्याभर पाण्यात. मग छिन्नी फरशीवर जवळजवळ आडवी टेकवली आणि कडेपासून हलके हलके ठोकत आत गेला.

"उभी धरली की खाली जाते मालक, फरशी फुटते. आडवी धरायची. मग ती बुडातनं सोडते."

आणि ती बुडातून सोडू लागली. वाटीएवढे तुकडे निघायला लागले. जिथं मिस्त्रीनं बसवण्याआधी फरशीवर टोचे मारले होते तिथं थर जास्त चिवट होता, तिथं तो थांबायचा, दुसऱ्या बाजूनं शिरायचा. गल्ली पुन्हा जमली होती, पण या वेळी कुणी काही बोलत नव्हतं. ज्याला काम येतं त्याला सल्ला द्यायची आपल्याकडे हिंमत होत नाही. मामांनी फक्त एकदा "डिझेल..." म्हणून पाहिलं. कुणी लक्ष दिलं नाही.

मध्येच बिगारी थांबला. निघालेला एक तुकडा उलटा-सुलटा करून पाहिला आणि हसला.

"मिस्त्री चहाला गेलता बगा."

"कधी?"

"ह्ये लावताना. उन्हाळा असंल तवा. केमिकल ओढून ठिवलं आन् गेला. वरनं साय धरली त्याला. मग येऊन टाइल ठिवली. सऱ्या चेपल्याच न्हाईत, बगा की. टाइलच्या पाठीला काय लागलंच न्हाई."

काका कुंपणावरून धावत आले. "ओपन टाइम! मी सांगतच होतो!" ते सांगत नव्हते. पण बिगाऱ्याचं म्हणणं त्यांनी मानकाच्या भाषेत पुन्हा सांगितलं. थापीनं थर ओढल्यावर टाइल बसवायला वीसेक मिनिटं मिळतात, कडक उन्हात, तापलेल्या फरशीवर त्याहून पुष्कळ कमी. तेवढ्यात टाइल दाबून बसवली तर सऱ्या चेपून मिसळतात आणि पाठ पूर्ण भरते. वेळ टळली की वरून कोरडी साय धरते, टाइल तिच्यावर नुसती टेकते. खाली मात्र ओल्यात फरशीला पक्की पकड बसलेली असते. तेव्हा ते एप्रिलचे दिवस होते, मिस्त्री खरंच कोपऱ्यावरच्या टपरीवर गेला होता, आणि जाताना मला म्हणाला होता, "मालक, तुम्ही पण येता का?" मी गेलो होतो. चहा उत्तम होता. त्या चहाचा पुरावा सिमेंटमध्ये गोठून आमच्या दारात इतकी वर्षं पडून होता आणि आम्ही त्याच्यावरून ये-जा करत होतो.

जेवणाच्या सुट्टीआधी पायरी मोकळी झाली. बिगाऱ्यानं मजुरी घेतली, तंबाखू थुंकला आणि विचारलं, "आता ह्याच्यावर काय बसवणार?"

गल्लीला पुन्हा कंठ फुटला. कुणी ग्रॅनाइट म्हणालं, कुणी कोटा, मामा म्हणाले अँटिस्किड, काका म्हणाले चार मिलिमीटरचा सांधा सोडल्याशिवाय बाहेर काहीच बसवू नका. आई आतून म्हणाली, "काही बसवायचं नाही." या घरातलं दुसरं वाक्य, ज्याच्यावर अपील नाही.

त्यामुळे पायरी आता शहाबादीच आहे. ॲसिडनं कडेला खाल्लेली, मधे टोच्यांचे ठिपके. हिनं त्या ठिपक्यांत रांगोळीचे ठिपके बसवून घेतलेत. येणारा पाहुणा पाय ठेवताना विचारतो, "टाइल्स बसवायच्या राहिल्यात का?" आम्ही हो म्हणतो, फार बोलावं लागत नाही.

तेव्हा दाराबाहेर टाइल्स बसवणार असाल, तर एवढी विनंती आहे. मिस्त्रीला चहा आधी पाजा, पोटभर पाजा, आणि थापी हातात घेतल्यापासून टाइल दाबून बसेपर्यंत टपरीकडे बघू देऊ नका. स्वतःही जाऊ नका. आणि बसवून झालेलं जुनं केमिकल काढायचं असेल तर माझ्याकडे या. रुंद पात्याची छिन्नी मी विकत घेतली आहे, ती खुशाल न्या. ॲसिडची अर्धी बाटलीही आहे, पण ती कुणी मागू नका.